अजून असिस्टंटच?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, जुन्या पोरींच्या गेट-टुगेदरला, परवा तर कॉलेजच्या गेटवर एका पालकांनीही तेच विचारलं: "एवढं बास्केटबॉल खेळलात, पतियाळाचा कोचिंगचा कोर्स केलात, मग अजून असिस्टंटच कशा?" तुमची तयार उत्तरं मला पाठ आहेत. राजकारण, घरची जबाबदारी, पुरुषांची मक्तेदारी. तिन्हींत तथ्य आहे. पण हेड कोचची जागा मला दोनदा देऊ केली होती आणि मीच नको म्हटलं, हे सांगितलं की तुम्ही म्हणता, "किती साध्या आहेत हो!" साधी कसली डोंबलाची.

खेळाचं थोडक्यात. विद्यापीठाकडून तीन वर्षं पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारी. तेव्हा थ्री-पॉइंटची रेषा, जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट मिळतात ती, ६.२५ मीटरवर होती. २०१० मध्ये ती ६.७५ वर गेली, तोवर माझा डावा गुडघा गेला होता. (पोरी चिडवतात, मॅम, तुमचे थ्री आज टूच धरले असते.) सिमेंटचं कोर्ट, आयोडेक्स, क्रेप बँडेज, आणि "काही होत नाही, उतर" म्हणणारे सर. त्या सरांना मी वर्षानुवर्षं बोल लावला.

मग ती आंतरमहाविद्यालयीन सेमीफायनल. आमच्या सात नंबरचा उजवा गुडघा सकाळपासून सुजलेला. टेप मीच बांधली. सांध्याच्या कडेला अंगठा दाबला तेव्हा तिने श्वास रोखला, ते मला कळलं. हेड कोचनी विचारलं, "खेळेल का?" असिस्टंटचं काम म्हणजे फाउल मोजायचे, पाणी, टेप बघायची आणि अशा प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. मी म्हटलं, "खेळेल."

शेवटचा क्वार्टर, तीन मिनिटं बाकी, दोन पॉइंटने मागे. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू, उडी मारून घेऊन ती उतरली ती एकाच पायावर. मी पाहिलं. हेड कोच सर रेफरीशी हुज्जत घालत होते. टाइमआउट हेड कोचप्रमाणेच पहिल्या असिस्टंटलाही मागता येतो, आणि आमचा एक शिल्लक होता. मी उठले, खुणेसाठी तळव्यावर बोट टेकवायला हात वर नेलेसुद्धा. मग वाटलं, शेवटच्या मिनिटाला लागेल, राहू दे. बसले. पुढच्याच फास्ट ब्रेकला ती पळता पळता थांबली, वळली. कुणाचा धक्का नाही, काही नाही. 'टक' असा आवाज बेंचपर्यंत आला. माझ्या ओळखीचा होता तो. एसीएल, गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध.

सामना आम्ही जिंकलो, तेही सांगून टाकते.

"मॅम, मला बसवू नका" असं ती स्वतःच म्हणाली होती. हे वाक्य मी कित्येक वर्षं ढालीसारखं वापरलं. खोटं नाहीच ते. पण एकोणीस वर्षांची पोर दुसरं काय म्हणणार? मीही माझ्या सरांना हेच म्हटलं होतं. ते तेवढं मी सोयीने विसरले होते.

म्हणजे जागा नाकारली ती प्रायश्चित्त म्हणून? छे. गुडघे अजून मीच तपासते, टेप मीच बांधते. उलट असिस्टंट राहिलं की "शेवटी निर्णय सरांचा" म्हणायची सोय राहते. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं.

सात नंबर दोन वर्षांपूर्वी भेटली. आता बँकेत आहे. म्हणाली, "तुम्ही तेव्हा बसवलं असतंत ना मॅम, तर जन्मात बोलले नसते तुमच्याशी." मग आम्ही चहाला खाली निघालो. जिना ती कठडा धरून उतरली, एकेक पायरी.