बार्टन क्रीक : ऑस्टिनच्या ओढ्यातले बास आणि सनफिश

फ्लाय फिशिंग, म्हणजे नकली किड्याने मासे धरणे, म्हटले की आपल्याला काश्मीर-हिमाचलातल्या बर्फगार नद्या आणि इंग्रजांनी तिथे आणून सोडलेला ट्राउट आठवतो. टेक्सासच्या ऑस्टिन शहरातून वाहणाऱ्या बार्टन क्रीकमध्ये ट्राउटचा निभाव लागणार नाही, कारण उन्हाळ्यात या ओढ्याचे डोह कोमट होतात आणि त्यात सुखाने नांदतात ते बास आणि सनफिश. सनफिशला तर इथले बरेच जण लहान मुलांचा मासा समजतात. तरीही एखाद्या वाहत्या पाण्याशी खरी ओळख करून घ्यायची असेल, तर अशा घराजवळच्या, कोमट पाण्याच्या ओढ्यासारखी दुसरी जागा नाही, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला, पुण्याहून सुट्टीत आलेल्या माझ्या पुतण्याला घेऊन मी या ओढ्याच्या पात्रातून दिवसभर चालत गेलो, त्याचे हे वर्णन.

बार्टन क्रीक हेज काउंटीतल्या टेकड्यांमधून निघतो आणि सुमारे 40 मैलांचा प्रवास करून ऑस्टिनच्या मध्यभागी कोलोरॅडो नदीला मिळतो. (ग्रँड कॅन्यनमधली कोलोरॅडो वेगळी, ही संपूर्णपणे टेक्सासातच उगम पावते आणि टेक्सासातच समुद्राला मिळते.) ओढ्याचा शेवटचा काही मैलांचा पट्टा ‘ग्रीनबेल्ट’ म्हणून राखलेला आहे. त्याच्या वरच्या टोकाला, कॅम्प क्राफ्ट रोडजवळून, ‘हिल ऑफ लाइफ’ नावाची वाट खाली उतरते. ही वाट चांगलीच उभी असून पायाखाली सुटा चुनखडीचा चुरा असतो आणि दोन्ही बाजूंना लाइव्ह ओक व जुनिपरची झाडी असते. उतरताना काही वाटत नाही, पण संध्याकाळी तीच चढायची आहे हे लक्षात ठेवून पाणी भरपूर घ्यावे. उतार संपला की समोर ओढा येतो आणि त्यावर एक जुना, बुटका बांध दिसतो.

फ्लाय फिशिंगची सामग्री पाहून पुतण्याला आश्चर्य वाटले. मालवणकडे आम्ही गरवायला जायचो तेव्हा काठी, दोरी, गरी आणि डबीत गांडुळे एवढ्यावर भागायचे, आणि त्याने तेच ऐकलेले होते. इथे गरीवर आमिष नसते. पिसे, केस, दोरा आणि फोम यांची गुंडाळी करून गळावरच एक किडा घडवलेला असतो, त्याला फ्लाय म्हणतात. हा किडा जवळजवळ वजनरहित असतो, त्यामुळे शिसे बांधून गळ भिरकावतात तसा तो भिरकावता येत नाही. म्हणून वजन दोरीतच ठेवलेले असते. जाड, प्लॅस्टिकचे आवरण असलेली, पाण्यावर तरंगणारी ही दोरी काठीने आधी मागे उलगडायची, ती पूर्ण ताणली जाईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग पुढे सोडायची. दोरी उलगडत जाते आणि तिच्या टोकाला बांधलेल्या बारीक, पारदर्शक तंगुसासह किडा अलगद पाण्यावर टेकतो. सगळी विद्या त्या मागच्या क्षणभराच्या थांबण्यात आहे. मात्र बार्टन क्रीकवर मागे बहुधा झाडच असते, म्हणून पुतण्याला मी आधी रोल कास्ट शिकवला. त्यात दोरी मागे न उडवता पाण्यावरूनच सावकाश ओढून आणायची, काठी खांद्याच्या थोडी मागे जाईपर्यंत उभी करायची आणि एका ठाम झटक्याने पुढे लोळवत पाठवायची. झाडीतल्या ओढ्यावर हा एक प्रकार आला तरी दिवस मजेत जातो.

बांधाखालच्या उथळ पाण्यात, सूर्य थोडा वर आल्यावर, तळाशी फिकट रंगाची वर्तुळे दिसू लागली. परातीएवढी ही वर्तुळे म्हणजे सनफिशची घरटी. नर शेपटीने गाळ उडवून तळातले स्वच्छ खडे उघडे करतो, मादी तिथे अंडी घालून निघून जाते आणि पुढचे सगळे दिवस नर एकटा पहारा देतो. पहाऱ्यावरचा नर भुकेपेक्षा रागाने गळाला येतो, आणि त्याला उचलून नेले तर मोकळ्या घरट्यातली अंडी इतर मासे लगेच फस्त करतात. म्हणून घरट्यांवर दोरी टाकायची नाही, हा माझा नियम मी पुतण्याला पहिल्यांदा सांगितला. घरट्यांपासून दूर, एका कलंडलेल्या झाडाच्या सावलीत त्याने फोमचा छोटा पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा किडा, टाकला, त्याची वर्तुळे विरेपर्यंत थांबला आणि मग दोरी बोटभर ओढली. पाणी फुटल्याचा छोटासा आवाज झाला आणि काठी वाकली.

तो रेडब्रेस्ट सनफिश होता. ओल्या हातात धरून आम्ही तो नीट पाहिला. पाठ हिरवट तपकिरी, पोट पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचे, गालांवर निळ्या नागमोडी रेघा आणि कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला एक लांब, अरुंद, काळीभोर पट्टी. या पट्टीवरूनच ओढ्यातल्या सनफिशांची ओळख पटवता येते. लाँगइअर सनफिशच्या पट्टीला पांढुरकी किनार असते. रेडब्रेस्टच्या पट्टीला ती नसते. पुढे आम्हाला लाँगइअरही मिळाला. नारिंगी अंगावर फिरोजी ठिपके उधळलेला हा मासा कोणत्याही मत्स्यालयात शोभावा. त्यातला लाँगइअर इथला मूळचा रहिवासी, तर रेडब्रेस्ट अटलांटिक किनाऱ्याकडच्या नद्यांमधून माणसांनी आणलेला. पण आज या ओढ्यात त्याची संख्या एवढी आहे की नवख्याला तोच इथला मालक वाटेल.

बांधापासून खाली साधारण मैलभर चालले की स्कल्प्चर फॉल्स येतो. पाण्याने चुनखडीचा कातळ कोरून त्यात लहान-मोठ्या कुंड्या आणि पायऱ्या तयार केल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी इथे पोहणाऱ्यांची जत्रा असते, म्हणून आम्ही मधल्या वाराला गेलो होतो. ज्या माशासाठी मी खास इतक्या लांब आलो होतो, तो इथे राहतो. ग्वाडलूप बास जगात फक्त मध्य टेक्सासातल्या नद्या-ओढ्यांमध्येच मूळचा सापडतो आणि 1989 पासून तो टेक्सासचा राज्यमासा आहे. लार्जमाउथ बास तळ्यात, संथ पाण्यात, पाणवनस्पतींत दबा धरून बसतो. ग्वाडलूप बासला धार लागते. तो वजनाने साडेतीन पौंडांच्या पलीकडे क्वचितच जातो आणि ओढ्यातला तर बहुधा वीतभर किंवा थोडा मोठा असतो, पण वाहत्या पाण्यात वाढल्यामुळे त्याच्या अंगात जी ताकद असते ती तळ्यातल्या दुप्पट माशातही मला जाणवलेली नाही.

त्याला शोधायचे तर पाणी वाचावे लागते. पायरीवरून उतरलेली धार जिथे फेसाळते तिथे तो नसतो. तिच्या कडेला, वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासून जाते त्या शिवेवर, एखाद्या दगडाच्या आडोशाला तो असतो. तिथे कमी श्रमात उभे राहता येते आणि धारेतून वाहत येणारा प्रत्येक किडा, प्रत्येक झिंगा समोरूनच जातो. मी वूली बगर, म्हणजे लांब पिसाची शेपटी असलेला काळपट किडा, धारेच्या वर टाकला आणि धारेबरोबर दगडामागे वाहत जाऊ दिला. दोरी किंचित थबकली, एवढेच कळले. पुढच्या क्षणी मासा धारेत शिरला आणि ती धार वापरून त्याने मला खालच्या कुंडीपर्यंत चालायला लावले.

जवळ घेतल्यावर त्याच्या कुशीवर हिरवट चौकटींची रांग दिसली आणि त्यांच्याखाली बारीक ठिपक्यांच्या ओळी. जबड्याचे टोक डोळ्याच्या मागे गेलेले नव्हते; लार्जमाउथचे ते जाते. खूण पटवणे इथे महत्त्वाचे आहे, कारण 1970 च्या दशकात राज्याच्या मत्स्यखात्याने मध्य टेक्सासच्या नद्यांत उत्तरेकडचा स्मॉलमाउथ बास सोडला, आणि या दोन जातींचा सर्रास संकर होऊन काही नद्यांमध्ये शुद्ध ग्वाडलूप बास दुर्मीळ झाला. चूक उमगल्यावर त्याच खात्याने स्मॉलमाउथ सोडणे थांबवले आणि हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेली शुद्ध ग्वाडलूप बासची पिले वर्षानुवर्षे नद्यांमध्ये सोडून ही जात सावरली. एखाद्या सरकारी खात्याने आपली चूक इतक्या चिकाटीने निस्तरावी, याचे मला मनापासून कौतुक आहे.

मी मासा पाण्यात धरून सोडला तेव्हा पुतण्याने विचारले, “काका, सोडून द्यायचा होता तर धरलात कशाला?” मासेखाऊ घरातल्या मुलाचा हा प्रश्न रास्त आहे. मी त्याला म्हटले, “खायला सनफिश नेऊ या की. त्याच्यावर इथे आकाराचे, संख्येचे बंधन नाही आणि तो वाढतोही भराभर. पण या बासला जगात एवढाच मुलूख आहे, म्हणून मी तो नेत नाही.” मला वाटते, पकडून सोडणे हे पुण्य नव्हे आणि मासा खाणे हे पापही नव्हे, कोणता मासा कुठला आणि तो किती उरला आहे, हे माहीत असणे मात्र गळ टाकणाऱ्याचे कर्तव्य आहे. आम्ही सगळे गळ उलट्या काट्याशिवायचे वापरतो, त्यामुळे मासा सोडवताना त्याचे तोंड फाटत नाही. तरीही गळाने त्याला त्रास होतो, हे मी नाकारत नाही.

दुपारी, ट्विन फॉल्स या पुढच्या धबधब्याच्या वरच्या एका लांबट संथ डोहात, पुतण्याच्या काठीला सनफिशपेक्षा बरेच जड काहीतरी लागले. वर आला तो रिओ ग्रँड सिक्लिड : गडद अंग, त्यावर निळसर पांढरे दाट ठिपके, नराच्या कपाळावर येतो तसा उंचवटा. अमेरिकेत मूळचा असलेला हा एकमेव सिक्लिड दक्षिण सीमेवरच्या रिओ ग्रँडच्या खोऱ्यातला आहे आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मध्य टेक्सासात आणला गेला. त्याला पाहताच मला आपल्या खाडीतला काळुंदर आठवला, आणि ते नुसते दिसण्यावरून नव्हे. काळुंदरही सिक्लिड कुळातलाच. भारतातले सिक्लिड आणि मादागास्करमधले त्यांचे जवळचे नातलग ही या कुळाची फार जुनी शाखा. अंडी-पिलांची राखण दोन्ही माशांत नर आणि मादी मिळून करतात. पुतण्याने तो सिक्लिड दोन्ही हातांनी उचलून फोटो काढायला लावला आणि आपल्या आजीला तेवढ्यातच पाठवून दिला. मालवणात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

ट्विन फॉल्सच्या खाली चालत गेलो तसे पाणी कमी होत गेले आणि पुढे पात्रात नुसते पांढरे गोटे राहिले. पाणी आटले नव्हते, जमिनीखाली गेले होते. या भागात ओढा एडवर्ड्स जलधराच्या, म्हणजे पाणी साठवणाऱ्या भूगर्भातल्या खडकाच्या, भेगाळ चुनखडीवरून वाहतो आणि पाऊस थांबून काही काळ लोटला की सगळे पाणी भेगांमधून आत उतरते. त्याच जलधराचे पाणी खाली झिल्कर पार्कमध्ये बार्टन स्प्रिंग्ज म्हणून वर येते आणि बारा महिने साधारण 20-21 अंश सेल्सियसवर राहते. त्या झऱ्यांमध्ये बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर हा छोटा उभयचर राहतो. 1997 साली त्याची नोंद संकटग्रस्त जातींमध्ये झाली. त्याआधी, 1992 साली, वरच्या भागातल्या बांधकामांनी झऱ्याचे पाणी गढूळ होऊ नये म्हणून ऑस्टिनच्या नागरिकांनी सह्या गोळा करून आणि मतदान करून कडक नियम मंजूर करून घेतले होते. आज शहराच्या पोटात उभे राहून ग्वाडलूप बास धरता येतो, यात त्या मतदारांचा मोठा वाटा आहे असे मी मानतो.

ऑस्टिन परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना जायचे असेल तर एप्रिल ते जून हा काळ उत्तम. निघण्यापूर्वी लॉस्ट क्रीक बुलेवार्डजवळच्या जलमापकाचे आकडे इंटरनेटवर पाहावेत : प्रवाह शून्याकडे असेल तर डोहांत अडकलेल्या माशांना त्रास देऊ नये, आणि वर पाऊस झाला असेल तर पात्रात अजिबात उतरू नये, कारण या कातळी मुलखात पूर बघताबघता येतो. हलकी, चार नंबरची काठी, तरंगती दोरी, थोडे पॉपर आणि वूली बगर पुरतात. 17 वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. मोठ्यांनी तो घरूनच ऑनलाइन काढावा. बूट मात्र चांगल्या पकडीचे हवेत, ओल्या चुनखडीवर साधी चप्पल टिकत नाही.