टोकन एक्सपायर झालंय की चुकीचंय? पायथॉनमधला माझा अनुभव

युजर मधेच लॉगआऊट होतात अशी तक्रार सारखी यायची आणि लॉगमधे बघावं तर सगळीकडे एकच ओळ, इनव्हॅलिड टोकन (टोकन म्हणजे लॉगिन केल्यावर मिळणारा डिजिटल पास). ह्यावरून काय कळणार? कोड उघडला तर जेडब्ल्यूटी (सही केलेल्या टोकनचा एक प्रकार) डीकोड करताना एकच एक्सेप्ट ब्लॉक (एरर पकडणारा कोड) होता, इनव्हॅलिड टोकन एररचा. पायजेडब्ल्यूटी ह्या पायथॉन लायब्ररीमधे हा बाकीच्या टोकन एररचा पॅरेंट क्लास आहे, म्हणजे टोकन एक्सपायर झालेलं असो, सही जुळत नसो नाहीतर ऑडियन्स (टोकन कुणासाठी आहे ते) चुकीचा असो, सगळं ह्याच एका ब्लॉकमधे येऊन पडतं आणि युजरला थेट 401, म्हणजे ओळख पटली नाही असं उत्तर.

म्हणून आधी ब्लॉक वेगळे केले. एक्सपायर्ड सिग्नेचर एरर सगळ्यात वर, मग इनव्हॅलिड सिग्नेचर, मग ऑडियन्स आणि पॅरेंट शेवटी, कारण पायथॉन वरून खाली बघत जातं आणि पहिला जुळेल तोच एक्सेप्ट पकडतं, पॅरेंट वर ठेवला तर खालचे ब्लॉक असून नसल्यासारखे.

एवढं केल्यावर लॉग बोलायला लागले. बरेचसे एक्सपायर्ड होते, ते अपेक्षितच होतं, पण मधेमधे इमॅच्युअर सिग्नेचर एरर दिसायला लागला, म्हणजे टोकन अजून लागूच झालेलं नाही! असं एक टोकन घेऊन त्याचा मधला भाग डीकोड केला (तो नुसता बेस64यूआरएलने एन्कोड केलेला असतो, वाचायला सहीची सिक्रेट की लागत नाही, पण प्रॉडक्शनचं टोकन कुठल्याही वेबसाईटवर पेस्ट करू नका, स्वतःच्या मशीनवरच करा) आणि आयएटी (टोकन कधी दिलं ती वेळ) बघितला तर तो आमच्या सर्व्हरच्या वेळेच्या 3 सेकंद पुढे. टोकन देणारा सर्व्हर वेगळा, तपासणारा वेगळा आणि दोघांची घड्याळं जुळत नव्हती. एनटीपी सिंक (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणं) नीट करून घेतलं आणि डीकोडला लीवे, म्हणजे वेळेतली सूट, 10 सेकंद दिला, तो एरर गेला. लीवे मोठा ठेवू नका बरं का, एक्सपायर झालेलं टोकनसुद्धा तेवढा वेळ जास्त चालतं.

खरा त्रास मात्र रिफ्रेशने दिला, म्हणजे टोकन संपल्यावर रिफ्रेश टोकन दाखवून नवीन घेण्याने. क्लायंटकडून 4-5 रिक्वेस्ट एकदम जायच्या, सगळ्यांना 401, मग प्रत्येक जण तेच रिफ्रेश टोकन घेऊन नवीन मागायला पळणार, आणि रोटेशन (दर वेळी रिफ्रेश टोकनही बदलणं) चालू असल्यामुळे पहिल्याला नवीन मिळालं की जुनं बाद, बाकीचे नापास आणि युजर बाहेर. ह्यावर पायथॉनच्या असिंकआयओचा लॉक (एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणारं कुलूप) लावला, पण नुसत्या लॉकने भागत नाही, लॉक मिळाल्यावर परत बघावं लागतं की आपण थांबलो होतो तेवढ्यात दुसऱ्या कुणी टोकन बदललंय का, बदललं असेल तर तेच वापरायचं. आणि रिफ्रेशनंतर रिक्वेस्ट एकदाच परत पाठवायची, पुन्हा 401 आला तर सरळ लॉगिनकडे, नाहीतर तो लूप संपतच नाही.

आता मधेच लॉगआऊट होणं थांबलंय. लॉगमधे एररचा प्रकार, युजर आयडी आणि एक्स्पायरीची वेळ एवढंच जातं. पूर्ण टोकन तिथे लिहीत नाही, बेअरर टोकन ज्याच्या हातात पडेल तो ते वापरू शकतो.