तुम्ही विचारलंत म्हणून: त्या आईला भेटायला का बोलावता?

मुलांची आईवडिलांशी भेट घडवून आणणं हे माझं काम. फोस्टर कुटुंबातल्या, म्हणजे मुलीला तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरातल्या काकू विचारतात, त्यांचे शेजारी विचारतात, परवा माझ्या वहिनीनंही विचारलं. "पोरगी आता कुठे रुळलीय, पोटभर जेवतेय. जिच्या घरात तिनं मार खाल्ला, त्या आईला पुन्हा पुन्हा समोर आणून कशाला बसवता?"

इतकी वर्षं मी कायद्याचं उत्तर देत आले. बाल न्याय अधिनियम 2015, कलम 44. आईवडील असमर्थ ठरल्यामुळे मूल फोस्टरमध्ये असेल, तर ते त्याला ठरावीक काळानं भेटू शकतात. भेट मुलाच्या हिताची नाही असं बाल कल्याण समितीला वाटलं, तर कारण नोंदवून ती थांबवता येते. शिवाय आईवडील सांभाळायला योग्य झाले, तर मूल परत त्यांच्याकडे जाऊ शकतं. एवढं ऐकलं की विचारणारी गप्प होते, पण तिला पटलेलं नसतं. खरं सांगायचं तर मलाही ते पुरत नाही.

मुलीचं नाव-गाव लिहिणार नाही, कायद्यानं लिहिताही येत नाही. नऊ वर्षांची होती. आई ऊसतोडीला जाणारी, नवरा सोडून गेलेला. नंतर ती दुसऱ्या एका माणसाबरोबर राहिली. "त्या माणसाबरोबर राहिलीच कशाला?" हाही प्रश्न मला येतो. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या बाईला अर्धा कोयता धरतात, कित्येकदा नेतच नाहीत. उसाच्या फडात जायला जोडीदार हवा, म्हणून तो माणूस घरात आला आणि त्यानं पोरीच्या पाठीवर चटके दिले. यातून आईची चूक धुऊन निघते असं मी म्हणत नाही. तिनं ते बघितलं होतं.

भेटीची तयारी मी जीव ओतून केली होती. आमच्या कार्यालयातली कपाटामागची जागा मोकळी केली, चटई आणि रंगखडू ठेवले. काकू मुलीला मागच्या दारानं आणणार, आई पुढून येणार, तो माणूस आवारातही नको, असं सगळं ठरलेलं. पहिल्या दोन भेटी बऱ्या गेल्या. आईनं वेणी घालून दिली. मी अहवालात लिहिलं, "भेटी नियमित सुरू ठेवाव्यात."

तिसऱ्या भेटीत मी चार हातांवर बसून रजिस्टर भरत होते. आल्याची वेळ, सोबत कोण, काय आणलं. आईचा मोबाईल वाजला. तिनं तो उचलला आणि पोरीच्या तोंडासमोर धरला. व्हिडिओ कॉल होता. मला आवाज ऐकू आला, "काय गं, विसरली का आम्हाला?" मी उठेपर्यंत चटई ओली झाली होती. पोरगी रडली नाही. हातातला खडू तिनं इतका घट्ट धरला होता की काकूंना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्यानंतर अकरा दिवस ती कुणाशीच बोलली नाही.

मी आईवर ओरडले. ती खाली बघत म्हणाली, "म्याडम, गाडीभाड्याचे पैसे त्यानंच दिले. फोन लावून दे म्हणला, नाहीतर परत जाऊ देणार नाही." दारं, आवार, वेळा, सगळ्याचा विचार मी केला होता. ती कुणाच्या पैशानं येते, हे मात्र मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

भेटी थांबवायचा अर्ज मीच समितीला दिला. आता आईला एसटीचं भाडं आम्ही देतो. फोन आल्या आल्या माझ्या ड्रॉवरमध्ये जातो. भेट चालू असताना मी पेनाला हात लावत नाही, रजिस्टर नंतर भरते. मुलानं माझ्याकडे पाणी मागितलं की भेट संपली, कारण विचारायचं नाही, हे प्रत्येक मुलाला आधी सांगून ठेवते. हे सगळं आधीच का नव्हतं, असं विचारलंत, तर माझ्याकडे उत्तर नाही.

मग पुन्हा सुरू का केल्या? चार महिन्यांनी पोरीनंच काकूंना विचारलं, "मी बोलले नाही म्हणून आई रागावली का?" भेट बंद झाली की मूल दोष स्वतःकडे घेतं, हे मी दुसऱ्यांना प्रशिक्षणात शिकवत होते आणि इथे मलाच दिसलं नव्हतं. पहिली काही वर्षं मी रक्ताच्या नात्यावर भाषणं द्यायचे, तेव्हाच्या मला आज मी गप्प बसवीन. पण सगळी भेटच तोडा म्हणणाऱ्या तुमच्याशीही माझं जमत नाही. भेट मी आईला बक्षीस म्हणून देत नाही. आई कशी आहे, जिवंत आहे ना, रागावली नाही ना, हे पोरीला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं.

पण हे मी ठरवते, आणि ओली चटई तिच्या वाट्याला येते. काकू मला हे तोंडावर म्हणाल्या आहेत. मी त्यांना खोटं पाडू शकले नाही.

दिवाळीनंतर आई पुन्हा कारखान्यावर जाईल, मार्च-एप्रिलपर्यंत भेट नाही. त्या महिन्यांत पोरगी रात्री सलग झोपते, असं काकू सांगतात. त्याच महिन्यांत वहीच्या मागच्या पानावर ती आईचं नाव लिहीत बसते, हेही काकूच सांगतात.