तुम्ही विचारलंत म्हणून: महाराजांना जाब विचारताना भीती नाही वाटली?

गळ्यात माळ आहे, एकादशी करता, आणि आपल्याच महाराजांना जाब विचारलात? पाप लागेल असं नाही का वाटलं? माहेरी गेले की कुणी ना कुणी हे विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

भीती वाटली होती. मठाच्या पायऱ्या चढताना पाय लटपटत होते. आमच्या घरच्या दोन पिढ्या याच दिंडीबरोबर पंढरीला चालत गेल्या. माझ्या गळ्यातली माळही इथलीच.

२०११च्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात महाराज म्हणाले, की तालुक्याच्या गावी मठाची जागा आहे, तिथं दोन वर्षांत मुलींचं वसतिगृह उभं करतो. हायस्कूल तालुक्याला आणि परतीची एसटी बेभरवशाची, म्हणून वस्तीवरच्या मुली सातवीनंतर घरी बसायच्या. वीणेकरी शेजारी उभा, समोर अख्खा गाव. आईनं त्याच आठवड्यात पाटल्या मोडल्या. पावतीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘मुलींच्या वसतिगृहाकरिता’. ती तिनं घडी घालून पोथीत ठेवली.

पुढच्या आठ वर्षांत मठाचा सभामंडप झाला, त्याला ग्रॅनाइट बसलं, वेशीवर कमान आली. तालुक्याच्या जागेत बाभळी वाढल्या.

मी आधी चारचौघांत काही बोलले नाही. एका दुपारी एकटी गेले, पाया पडले आणि विचारलं. महाराज शांतपणे म्हणाले, “ताई, पांडुरंगाची इच्छा झाली की होईल.” पाया पडून बाहेर आले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. शब्द महाराजांनी दिला होता. राहिला तर तो पांडुरंगाच्या नावावर कसा टाकायचा? कीर्तनात दिलेला शब्द देवासमोरचा असतो, असं याच महाराजांनी मला लहानपणापासून शिकवलं. ते खरं मानलं म्हणूनच मी पुन्हा गेले. श्रद्धा नसती तर पाटल्या गेल्या म्हणून गप्प बसले असते.

तीनदा गेल्यावर मात्र धर्मादाय कार्यालयात अर्ज केला. हे अनेकांना ठाऊक नसतं, म्हणून सांगते. मंदिर किंवा मठाचा ट्रस्ट १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असतो आणि त्याचे हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. दाद मागायला वकील किंवा पुढारी असावं लागत नाही. देवळात नेमानं दर्शनाला जाणारा साधा भाविकही त्या कायद्यानं ‘हितसंबंधित’ ठरतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडूच आलं. आईसारखीचं नाव कायद्यानं आधीच लिहून ठेवलं होतं.

हिशेबात निघालं काय, तर वसतिगृहाचे पैसे सभामंडपाकडे वळवले होते. कुणी खिशात घातले नव्हते, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होते. पण पावतीवर एक लिहायचं आणि बांधायचं दुसरंच, यानं मुलींचं जे नुकसान झालं ते ग्रॅनाइटनं भरून येत नाही. त्या आठ वर्षांत आमच्या वस्तीवरच्या किती पोरींची लग्नं उरकली, ते मला नावानिशी माहीत आहे.

गावात बोलणी खाल्ली. चुलत्यांनी वर्षभर दारात पाय ठेवला नाही. तेव्हा मला साने गुरुजींचा आधार वाटायचा. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ला ते पंढरपुरात उपोषणाला बसले, आणि त्यांना जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठानं. देवळाचे पुजारी असलेल्या बडव्यांना जाब विचारणारा भक्त आणि त्याला दार उघडणारा मठ, दोन्ही पंढरीतच दिसले.

करोनात तारखा थांबल्या. नंतर वसतिगृह बांधण्याचं विश्वस्तांनी लेखी दिलं, आणि महाराजांनी सप्ताहात उभं राहून सांगितलं, “शब्द राहिला होता, चूक माझी.” त्या दिवशी मी त्यांच्या जितक्या मनापासून पाया पडले, तितकी कधीच पडले नव्हते.

आज तिथं चार खोल्या आहेत, बावीस मुली राहतात. आई ते बघायला राहिली नाही. न्हाणीघरात अजून नळ नाही, पोरी बाहेरून बादल्या भरून आणतात. दिवाळीच्या आत जोडणी करून देतो, असं महाराज यंदाच्या काल्याला म्हणाले आहेत. मी तारीख वहीत लिहून ठेवली आहे. भाऊबीजेला माहेरी जाईन तेव्हा वाटेत तालुक्याला उतरणार आहे.