घरच्या लॅबची नोंद: व्हीलॅन ३० कुठं अडकला

मागच्या नोंदीत तीन नेटवर्क स्विचचा (तारांनी यंत्रं एकमेकांना जोडणारे डबे) त्रिकोण जमल्याबद्दल मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती. ती थाप परत घेतो.

आधी मांडणी. तळमजल्यावर राउटरपाशी एक, त्याला 'खालचा' म्हणू. पहिल्या मजल्यावर माझ्या टेबलाखाली 'मधला' आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत 'वरचा'. तिन्ही सेकंडहँड सिस्को २९६०. प्रत्येकाला दोनच गिगाबिट अपलिंक (दुसऱ्या स्विचकडं जायचे वेगवान पोर्ट), म्हणजे त्रिकोणापुरत्या बरोब्बर. व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवरचं वेगळं आभासी जाळं: १० घराचा, २० कॅमेऱ्यांचा, ३० माझ्या उद्योगांचा. १० आणि २० सगळ्या ट्रंकवर (स्विच-स्विचमधल्या, अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या तारांवर) सोडलेले, ३० मात्र फक्त मधला-वरचा या एकाच तारेवर. टेबल मध्ये, सर्व्हर वर, मग ३० चं खाली काय काम? हे वाक्य लक्षात ठेवा.

मे महिन्यात वरचा गेला. सोलापूरचं ऊन, डोक्यावर पत्रा, आणि पंख्याची घरघर नको म्हणून आईनं त्याच्यावर चादर टाकलेली. "एवढं लोखंडी यंत्र, त्याला चादरीनं काय होतंय?" व्हायचं ते झालं. त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीचा, जुनाच पण बिनपंख्याचा स्विच बसवला. ट्रंक तशाच लावल्या, सगळं चाललं, मी जेवायला गेलो.

इथं थोडं थांबायला हवं, कारण खरी गंमत इथंच आहे. त्रिकोणात फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं, गोल फिरत राहू नयेत म्हणून स्पॅनिंग ट्री एक बाजू बंद ठेवते. उरतं ते झाड, आणि ज्या स्विचपासून ते सुरू होतं तो रूट. सिस्कोचे दोन स्विच रॅपिड पीव्हीएसटी या पद्धतीवर होते, म्हणजे प्रत्येक व्हीलॅनचं झाड वेगळं. नव्या स्विचचं सगळ्या व्हीलॅनना मिळून एकच झाड. रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली स्पॅनिंग ट्री काढली तेव्हा व्हीलॅनचे टॅगच (फ्रेमवरचे व्हीलॅन नंबर) नव्हते, त्यांचं प्रमाण ८०२.१क्यू आलं १९९८ मध्ये. तेव्हा एकच झाड हीच मुळातली रीत. आता सिस्कोचा स्विच व्हीलॅन ३० चे बीपीडीयू (झाड ठरवायला स्विच एकमेकांना धाडतात ते निरोप) टॅग लावून स्वतःच्या वेगळ्या मल्टिकास्ट पत्त्यावर पाठवतो. नव्याला ते कळतच नाहीत. साधी फ्रेम समजून तो त्या व्हीलॅनमध्ये पुढं ढकलतो. दोघांचं बोलणं होतं ते फक्त बिनटॅगच्या बीपीडीयूंवर, म्हणजे सिस्कोच्या बाजूनं व्हीलॅन १ वर (स्विचमध्ये मुळातच असतो तो).

दोन दिवसांनी नीट बघितलं तर व्हीलॅन १ चा रूट नवा स्विच! खालच्याला मी १०, २०, ३० साठी ४०९६ प्रायॉरिटी (आकडा सगळ्यात लहान तो रूट) दिली होती, १ राहून गेला होता. सिस्को प्रायॉरिटीत व्हीलॅनचा नंबर मिसळतो. १६ बिटांतले १२ नंबराला जातात, उरतात ४, म्हणून तर प्रायॉरिटी ४०९६ च्या पटीतच देता येते. त्यामुळं खालच्याची व्हीलॅन १ मधली प्रायॉरिटी झाली ३२७६९, नव्याची निव्वळ ३२७६८. एका आकड्यानं निवडणूक गेली.

मी शहाणपणा केला. व्हीलॅन १ लाही ४०९६ दिली. खालचा रूट झाला आणि त्याच क्षणी टेबलावरून सर्व्हरचा पिंग, म्हणजे पोचतंय का हे बघायची हाक, बंद.

दोन संध्याकाळी गेल्या. मधल्यावर 'शो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन ३०' मारलं की उत्तर एकच: मीच रूट, पोर्ट डेझिग्नेटेड, फॉरवर्डिंग, म्हणजे उघडा. दिवा हिरवागार. मॅक टेबलात, म्हणजे कुठल्या पोर्टपलीकडं कोण आहे त्या यादीत, मात्र व्हीलॅन ३० खाली एकटा माझा लॅपटॉप. शेवटी नव्या स्विचच्या वेब पानावर गेलो. मधल्याकडं जाणाऱ्या पोर्टसमोर लिहिलेलं: अल्टरनेट, डिस्कार्डिंग, म्हणजे राखीव आणि बंद.

नवा रूट होता तोवर त्याचे सगळे पोर्ट उघडे होते. रूटपद गेल्यावर त्रिकोणातली एक बाजू बंद होणं भाग होतं. ती त्यानंच का केली? गिगाबिट तारेची किंमत, म्हणजे रूटपर्यंतचं अंतर मोजायचा आकडा, सिस्को जुन्या मापानं ४ धरतो, नवा नव्या मापानं २००००. मधला म्हणतो रूट ४ वर आहे, नवा म्हणतो २०००० वर. अशा घासाघिशीत नवाच हरणार. आणि झाड एकच असल्यानं त्यानं बंद केलेला पोर्ट सगळ्या व्हीलॅनना बंद. गल्लीतला वॉल्व फिरवणाऱ्याला त्या पाइपवर कुणाची टाकी भरते हे कुठं ठाऊक असतं? १० आणि २० ला खालून वळसा होता. ३० ला मीच ठेवला नव्हता.

उपाय दोन मिनिटांचा: तिन्ही ट्रंकवर ३० सोडला. पिंग खालून वळसा घालून लगेच आला. पण वर जायला खाली उतरायचं हे मनाला पटेना, म्हणून या रविवारी तिन्ही स्विच एमएसटीपीवर नेले, म्हणजे काही व्हीलॅनना मिळून एक झाड; अशा प्रत्येक झाडाला म्हणतात इन्स्टन्स. इन्स्टन्स १ मध्ये १० आणि २०, रूट खालचा. इन्स्टन्स २ मध्ये ३०, रूट मधला. ट्रंकवर सगळे व्हीलॅन सगळीकडं, आता काटकसर नाही.

तिथंही अर्धा तास गेलाच. वरच्याच्या, म्हणजे नव्याच्या, दोन्ही तारा सिस्को 'बाउंड' दाखवत होता, म्हणजे तो परक्या रीजनमधला (रीजन म्हणजे एकाच वाटणीवर चालणाऱ्या स्विचचा गट). रीजनचं नाव, रिव्हिजन नंबर आणि व्हीलॅनची वाटणी, तिन्ही तंतोतंत जुळावी लागतात. वाटणी चारदा तपासली. चूक नावात निघाली: दोन स्विचवर 'सोलापूर' इंग्रजीत लहान एसनं, वरच्यावर मोठ्या एसनं. ते सुधारल्यावर इन्स्टन्स २ मध्ये खालचा-वरचा ही तार बंद झाली आणि ३० सरळ जिना चढून वर गेला. मग मधला-वरचा तार उपटून पाहिली. एक पिंग चुकला, पुढचे सगळे खालून आले.