ट्रकमधला रिग: अल्टरनेटरला उगाच शिव्या घातल्या

मागच्या वेळी लिहिलं होतं, मेहुण्याच्या ट्रकमधल्या रिगवर (म्हणजे बोलायच्या रेडिओ सेटवर) अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) आवाज येतोय, फिल्टर टाकला की संपलं. संपलं नाही. तीन रविवार गेले, दोन फिल्टर गेले, आणि चोर अल्टरनेटर नव्हताच.

नव्यांसाठी थोडक्यात: सेट १० मीटर बँडचा, म्हणजे सीबीचा (सिटिझन्स बँड, सगळ्यांसाठी खुला रेडिओ) चुलतभाऊ. सीबीच का नाही लावला? आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झमध्ये ५ वॅटपर्यंत लायसन्स लागत नाही खरं, पण २००५ च्या नियमात अँटेना सेटमध्येच बसवलेला हवा. टपावर चाबकासारखा लांब अँटेना उभा केला की सूट गेली. माझ्याकडे हॅम (हौशी रेडिओचं) लायसन्स आहे, म्हणून २८ मेगाहर्ट्झ. दुखणी मात्र दोन्हीकडे तीच.

गाडी वडाळ्याला ट्रक टर्मिनलजवळ उभी असते. ती २४ व्होल्टची, रिग १३.८ चा, म्हणून मध्ये कन्व्हर्टर. (काही जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. नका काढू. एक उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, शेवटी जोडीच बदलावी लागते.)

माझी चूक अशी झाली. चावी बंद केली की सगळं गप्प, इंजिन चालू केलं की खरखर एस-७ (रिगच्या मीटरवरचा सिग्नलचा जोर; आकडा मोठा तेवढा आवाज मोठा). डिझेलला स्पार्कप्लग नाहीत, म्हणजे इग्निशनचा प्रश्न नाही. मग उरलं कोण? अॅक्सिलरेटर दाबला की बारीक शिट्टी चढायची, ती अल्टरनेटरचीच होती. पण तिच्याखालची जाड घरघर जागची हलत नव्हती. ती रोज ऐकत होतो आणि लक्ष देत होतो शिट्टीकडे.

बॅटरी उतरेल म्हणून मेहुणा इंजिन चालूच ठेवायला लावायचा. गेल्या रविवारी तो चहाला गेला तेवढ्यात इंजिन न लावता नुसती चावी फिरवली. एस-७. इंजिन गार, अल्टरनेटर थांबलेला, आणि घरघर जशीच्या तशी. कन्व्हर्टरचा रिले चावीवर आहे, म्हणजे चावी बंद की कन्व्हर्टर बंद आणि त्याच्यावरचा रिगही, हे मीच जोडलेलं मी विसरलो होतो!

मग जी चाचणी पहिल्या दिवशी करायची ती केली: रिगच्या मागचा कोअॅक्स (अँटेनाची केबल) काढला. मीटर शून्यावर. म्हणजे घाण पॉवरच्या वायरीतून नाही, अँटेनाच्या वाटेने येतेय. दोन्ही फिल्टर मी पॉवरच्या वायरीवर लावले होते. कोअॅक्स परत लावून डायल हळूहळू फिरवला, तर ठराविक अंतराने घरघरीचे उंचवटे, आणि दहा मिनिटांत ते सगळे थोडे सरकलेले. ही स्विचिंग कन्व्हर्टरची खूण. कन्व्हर्टरचा फ्यूज उपटला आणि रिग यूपीएसच्या जुन्या बॅटरीवर चालवला. एस-२.

कन्व्हर्टर लॅमिंग्टन रोडवरचा, झाकणावर ‘लो नॉइज’. उघडला. बोर्डावर चोकसाठी (आवाज अडवणाऱ्या गुंडाळीसाठी) गोल जागा छापलेली, शेजारी ‘एल-१’, आणि तिथे चोकच्या जागी वायरचा सरळ तुकडा डाखलेला. वर आमची कारागिरी: कोअॅक्स कन्व्हर्टरच्या वायरींबरोबर केबल टायने आवळून, अगदी नीटनेटका नेलेला.

आता कन्व्हर्टर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे, डबा बॉडीला स्क्रूने घट्ट. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायरींना ३१ नंबर मिक्सच्या फेराइट रिंगवर (असला आवाज अडवणारं चुंबकीय कडं) सात-सात वेढे. एकाच वेढ्याची क्लिप-ऑन लावून ‘फेराइटने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. कोअॅक्स दुसऱ्या बाजूने नेला. इंजिन चालू असताना एस-३, आणि ती शिट्टी. तेवढी मला चालते.

उलट्या बाजूचं दुखणं, म्हणजे रिगचा गाडीला त्रास, निघालं ते वेगळंच. माइक दाबला की रिव्हर्सचा बझर चिवचिवायचा. मेहुणा म्हणाला, “दाजी, गाडी उभी आहे आणि मागे चाललीय म्हणून ओरडतेय.” केबिन चॅसिसवर रबरी बुशांवर बसते आणि मूळची अर्थिंगची पट्टी खारट हवेत हिरवी होऊन हाताला भुगा लागत होता. दोन्ही टोकांचा रंग खरवडून तांब्याची रुंद विणलेली पट्टी लावली, वरून ग्रीस. बझर गप्प.

म्युझिक सिस्टीम मात्र अजून माझ्या आवाजात बोलते. डॅशबोर्डपासून मागच्या फळीपर्यंत स्पीकरच्या वायरी मोजल्या: अडीच मीटर. २८ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी जवळजवळ तेवढीच, म्हणजे त्या वायरी अँटेनासारख्याच वागतात. पुढच्या रविवारी त्यांच्यावर रिंगा चढवतो.