छतावरचा बर्फाचा बांध

आजचा अख्खा दिवस छताच्या कडेला गोठलेल्या बर्फापायी गेला. लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्या फोटोत झकास दिसतात हो, पण बेडरूमच्या छताला ओल आली की सगळं कौतुक संपतं.

गंमत म्हणजे यात दोष थंडीपेक्षा घरातल्या उबेचा जास्त. हीटरची ऊब फटींतून माळ्यावर जाते, छत तापतं आणि वरचा बर्फ तळातून वितळतो. ते पाणी ओघळत वळचणीपर्यंत येतं. तिथे खाली ऊब नाही, म्हणून पुन्हा गोठतं. झाला बांध तयार! मागे तुंबलेलं पाणी मग शिंगल्सखाली (छतावरच्या पातळ फरशांखाली) शिरतं आणि थेट घरात.

शेजारचे काका कुऱ्हाड घेऊनच आले. नको म्हटलं, बर्फाआधी छतच फुटायचं. जुन्या लांब मोज्यांत कॅल्शियम क्लोराइड (बर्फ वितळवणारा क्षार) भरून ते मोजे वरच्या खिडकीतून बांधाला छेदतील असे टाकले (उणे १० अंशांखाली साध्या मिठाचा फारसा उपयोग नाही). कडेचा ताजा बर्फ लांब दांड्याच्या खोऱ्याने जमिनीवरूनच ओढला. संध्याकाळी पाण्याला वाट मिळाली एकदाची.

खरा इलाज म्हणजे माळ्यावरच्या फटी बुजवून इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) जाड करणं. कोटेशन मागवलं. आकडा बघून घाम फुटला, तोही या थंडीत!